पल्ला आखूड, माग सोपा

नाशिक आणि आसपासच्या जिल्ह्यांचा नकाशा टेबलावर पसरून ओझरच्या धावपट्टीवर कंपासचे टोक रोवले आणि सत्तर किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर शिर्डीचे विमानतळ त्या रेषेच्या जेमतेम आत येते. टोक न हलवता एकशे चाळीस किलोमीटरचे दुसरे वर्तुळ काढले, तर धुळे आत येते आणि सह्याद्री ओलांडून किनाऱ्यावरचे दमणही येते. जुहू, पुणे, सुरत आणि छत्रपती संभाजीनगर मात्र बाहेरच राहतात. पहिले वर्तुळ म्हणजे आजच्या छोट्या इलेक्ट्रिक विमानाने मध्ये कोठेही चार्जिंग न करता जाऊन परत येण्याची मर्यादा, आणि दुसरे म्हणजे तिकडेच उतरायचे असेल तर गाठता येणारी मर्यादा. हवाई प्रवासाच्या भविष्याविषयी जे बोलले जाते, त्यातले बरेचसे या दोन वर्तुळांकडे पाहिल्यावर जमिनीवर येते.

हा हिशेब ज्या विमानावरून मांडला आहे, ते स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीचे वेलिस इलेक्ट्रो हे दोन आसनी विमान. १० जून २०२० रोजी युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने त्याला प्रकार प्रमाणपत्र (त्या नमुन्याचे विमान उडण्यास सुरक्षित असल्याचा दाखला) दिले आणि पूर्णपणे विजेवर चालणारे जगातले पहिले प्रमाणित विमान म्हणून त्याची नोंद झाली. त्याच्या मोटरची कमाल ताकद ५७.६ किलोवॉट आणि दोन बॅटऱ्यांची मिळून क्षमता २४.८ किलोवॉट-तास आहे. म्हणजे मोटर सतत पूर्ण ताकदीने चालवली, तर साठा अर्धा तासही पुरणार नाही. संथ गतीने, सुमारे नव्वद नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) उडत राहिल्यास कंपनीच्या सांगण्याप्रमाणे पन्नासेक मिनिटे मिळतात. कमाल वजन सहाशे किलो, आणि त्यात माणसे व सामान यांच्या वाट्याला १७२ किलो येतात. दोन धडधाकट माणसे बसली की द्राक्षांची एखादी पेटी घ्यावी की न घ्यावी, याचा विचार करावा लागतो.

इतका आखूड पल्ला का, याचे उत्तर एका किलोच्या तुलनेत सापडते. एक किलो विमान-पेट्रोलमध्ये सुमारे बारा किलोवॉट-तास ऊर्जा असते. विमानात बसवायच्या योग्यतेच्या बॅटरी-संचात, म्हणजे आवरण, गारव्याची व्यवस्था आणि आगीपासून बचाव हे सगळे धरून, एका किलोमागे ०.१५ ते ०.२० किलोवॉट-तास भरतात. पेट्रोल इंजिन आपल्या ऊर्जेतील जेमतेम पाव हिस्सा पंख्यापर्यंत पोहोचवते आणि विजेची मोटर नऊ दशांश पोहोचवते, ही मोठी सवलत जमेस धरूनही बॅटरी वीसेक पट मागे राहते. शिवाय पेट्रोल जळत जाते तसे विमान हलके होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते, आणि विमान जितक्या वजनाने उडाले तितक्याच वजनाने उतरते. म्हणून पल्ला वाढवण्यासाठी आणखी बॅटऱ्या भराव्यात, तर त्या स्वतःलाच वाहून नेण्यात वीज घालवू लागतात.

कागदावरचे वर्तुळ हवेत आणखी आकसते. पावसाळी हवेत नैर्ऋत्येचा वीस नॉटचा वारा समोरून असेल, तर नव्वद नॉटचे विमान जमिनीच्या हिशेबाने सत्तर नॉटनेच पुढे सरकते आणि पन्नास मिनिटांत एकशे चाळीसऐवजी एकशे आठ किलोमीटरच कापते. म्हणजे ओझरहून वाऱ्याच्या पाठीवर बसून धुळ्याला सहज पोहोचलेला माणूस तिथे बॅटरी पूर्ण भरूनही त्याच दिवशी परत येऊ शकणार नाही, कारण ते अंतर सरळ रेषेत एकशे वीस किलोमीटरच्या वर आहे. त्यात राखीव साठ्याचा नियम आहे. दिवसा, जमीन दिसत असताना उडणाऱ्या विमानाने मुक्कामी पोहोचल्यावरही अर्धा तास उडता येईल इतके इंधन उरवावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. पूर्ण टाकीवर हजार किलोमीटर जाणाऱ्या चार आसनी पेट्रोल विमानाला हा अर्धा तास म्हणजे जेवणानंतरचा मुखवास. बॅटरीच्या विमानाला तो अर्धे ताट आहे. म्हणूनच युरोपात विमानतळाच्या नजरेच्या टप्प्यात घिरट्या घालणाऱ्या सरावाच्या उड्डाणांना ही मुदत दहा मिनिटांपर्यंत उतरवण्याची मुभा देण्यात आली. इगतपुरी-कसाऱ्याच्या ढगांत अडकलेल्याला ती मुभा लागू करणे मात्र आत्मघाताचे ठरेल. बॅटरी जुनी होत जाते तशी ही मिनिटे आणखी घटतात, हे इलेक्ट्रिक स्कूटर तीन वर्षे वापरलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

पल्ल्याची चर्चा बहुधा येथेच, तंत्रज्ञानाच्या अंगाने संपते: बॅटरी सुधारेल, संकरित इंजिन येईल, हायड्रोजन येईल. येतीलही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. आखूड पल्ला ही केवळ प्रवासाची मर्यादा नाही. तो विमानमालकाच्या खासगीपणाचाही प्रश्न आहे, आणि त्याविषयी खासगी विमानांच्या मालकांकडून जी मागणी जगभर होत आहे, ती मला चुकीच्या जागी बोट ठेवणारी वाटते. त्यांना विमानाची मालकी झाकून हवी आहे. मालकी उघडीच राहिली पाहिजे. झाकायचा आहे तो प्रवास, आणि तो झाकण्याची व्यवस्था इलेक्ट्रिक विमानांच्या बाबतीत अधिक काटेकोर लागेल, कारण ज्याचा पल्ला लहान, त्याचा माग काढणे सोपे.

विमानाचा माग काढणे किती सोपे झाले आहे, हे मी गंगापूर रोडवरील एका इमारतीच्या गच्चीवर पाहिले. माझ्या एका स्नेह्यांच्या मुलाने पेन ड्राइव्हएवढा रेडिओ-ग्राहक आणि पत्त्याच्या जोडाएवढा संगणक एकत्र जोडून पाण्याच्या टाकीमागे ठेवला होता. अँटेना म्हणून केबल टीव्हीच्या वायरीचे टोक त्याने सोलले होते आणि आतली तांब्याची तार मोजून सहा पूर्णांक नऊ सेंटिमीटर ठेवली होती. “लाटेच्या लांबीच्या पाव, काका,” असे त्याने पट्टी दाखवत सांगितले. कबुतरांनी ती तार वाकवू नये म्हणून तिच्यावर दह्याचा रिकामा डबा पालथा घातलेला होता. एवढ्या भांडवलावर त्याच्या पडद्यावर मुंबईकडे उतरत जाणाऱ्या आणि मुंबईहून उत्तरेकडे चढत जाणाऱ्या विमानांच्या ओळी हलत होत्या: सहा अक्षरांचा सांकेतिक क्रमांक, उंची, वेग, अक्षांश, रेखांश. आम्ही पाहत असतानाच ओझरच्या बाजूने एक लढाऊ विमान डोक्यावरून कानठळ्या बसवत गेले, आणि पडद्यावर त्याची एकही ओळ उमटली नाही.

नागरी विमाने १०९० मेगाहर्ट्‌झवर आपले ठिकाण दर सेकंदाला स्वतःच ओरडून सांगतात. ते संदेश कुलूपबंद नसतात, आणि ते तसे नसणे हेच त्यांचे प्रयोजन आहे. समोरून येणाऱ्या अनोळखी विमानाला ते ऐकू आले नाहीत, तर टक्कर टाळता येणार नाही. अमेरिकेत बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत १ जानेवारी २०२० पासून ही यंत्रणा सक्तीची झाली. प्रत्येक विमानाचा सांकेतिक क्रमांक त्याच्या नोंदणीशी बांधलेला असतो. गच्च्यांवरचे असे हजारो ग्राहक इंटरनेटवर एकमेकांना जोडले गेले की कोणाचे विमान काल रात्री कोठे उतरले, याची वही आपोआप तयार होते. एका अब्जाधीश उद्योगपतीच्या जेटचा ठावठिकाणा समाजमाध्यमावर मांडणाऱ्या अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे खाते डिसेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आले, तेव्हा हा वाद घरोघरी पोहोचला. ते समाजमाध्यम त्याच उद्योगपतीने नुकतेच विकत घेतलेले होते, हा त्यातला विनोद.

पेट्रोल किंवा जेट इंधनावरच्या विमानमालकाला या उघडेपणातही एक आडोसा असतो, आणि तो त्याच्या पल्ल्याचा. ओझरहून हजार किलोमीटरच्या टप्प्यात हैदराबाद येते, बंगळुरू येते, जयपूर येते, आणि मधली डझनावारी लहानमोठी विमानतळे येतात. अशा विमानाचा माग मध्येच तुटला, तर ते कोठे गेले असेल याचा अंदाज बांधणे कठीण. इलेक्ट्रिक विमानाला हा आडोसा नाही. ते ओझरहून उडाले, तर शिर्डी, धुळे, दमण किंवा परत ओझर. हाताची पाच बोटेही पुरून उरतात. ते कोणत्या वेळेपर्यंत हवेत राहू शकेल, हेही बॅटरीने आधीच ठरवून टाकलेले आहे. त्यातही ज्या ठिकाणी चार्जर नाही तिथे ते मुक्काम करणार नाही, म्हणजे एक-दोन बोटे आणखी मिटतात. विमानाने आपले ठिकाण सांगितलेच नाही, तरी त्याचा मालक साधारण कोठे असेल, हे घड्याळ आणि नकाशा यांवरून ताडता येते.

अशा विमानाला टोपणनाव देऊन काही साधत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मालकांसाठी तात्पुरत्या, नोंदणीशी न जुळणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची सोय केली आहे आणि प्रशासनाकडून माहिती घेणाऱ्या संकेतस्थळांनी विशिष्ट विमाने दाखवू नयेत, अशी विनंती नोंदवण्याचीही सोय आहे. हजारो विमानांच्या आकाशात या युक्तीला थोडा अर्थ आहे. पण गावात एकच जीप असेल, तर तिची नंबरप्लेट झाकून काय उपयोग? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख मोबाईलधारकांच्या नावे काढून टाकलेल्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि केवळ चार ठिकाणे आणि तिथे असण्याची वेळ एवढ्यावरून त्यांतील ९५ टक्के माणसे इतरांपासून वेगळी ओळखता येतात असे दिसले. तो गर्दीचा हिशेब होता. जिल्ह्यात एकुलते एक इलेक्ट्रिक विमान असेल, तर चार ठिकाणांचीही गरज पडणार नाही.

रेडिओचा आणि नकाशाचा माग झाला. आता तिसरा माग, ज्याकडे या वादात फारसे कोणी पाहत नाही: चार्जरचा. पेट्रोल भरताना माणूस टाकी भरतो, पैसे देतो आणि निघून जातो. विजेची बॅटरी प्रत्येक वेळी किती भरली, किती रिकामी झाली, किती तापली, तिचे आरोग्य किती टक्के उरले, हे तिच्या अंगातले नियंत्रण-सर्किट टिपून ठेवते. विमानात तर ते टिपणे सुरक्षिततेसाठी अत्यावश्यकच आहे. चार्जरही आपल्या बाजूने वेळ, युनिट आणि ग्राहक यांची नोंद करतो. या दोन नोंदी एकत्र ठेवल्या की मालक कोणत्या वारी, किती वाजता, किती दूर गेला होता, हे आकाशाकडे न पाहताच कळते. गेल्या उन्हाळ्यात मुंबई-नाशिक महामार्गावर एका खासगी चार्जिंग केंद्रावर आम्ही गाडी लावली. अॅप उतरवा, मोबाईल क्रमांक द्या, ओटीपी टाका, ठिकाण पाहण्याची परवानगी द्या, मग वीज सुरू. पंधरा दिवसांत “नाशिकला वारंवार जाता का?” असे विचारणारे एका हॉटेलचे जाहिरात-संदेश त्याच क्रमांकावर येऊ लागले. पेट्रोल पंपावर चाळीस वर्षे गाडी उभी केली, तिथे माझे नाव कधी कोणी विचारले नव्हते. बॅटरीच्या विमानाला तर दर पाऊण तासाला असा थांबा घेणे भाग आहे.

मग मालकांना संरक्षण हवे, हे मान्यच. प्रश्न आहे तो कशाचे. अमेरिकेत मे २०२४ मध्ये संमत झालेल्या विमान वाहतूक कायद्याने खासगी विमानमालकांना नोंदणी-पटावरील आपले नाव आणि पत्ता सार्वजनिक प्रसिद्धीतून वगळून घेण्याचा मार्ग खुला केला, आणि २०२५ मध्ये तशी विनंती करण्याची ऑनलाइन सोयही झाली. पत्ता वगळण्याला माझी हरकत नाही. घराचा पत्ता जगजाहीर असण्याचे काहीच कारण नाही. नाव वगळण्याला मात्र आहे. १९४४ च्या शिकागो करारातील विसावे कलम आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रत्येक विमानावर राष्ट्रीयत्वाची आणि नोंदणीची चिन्हे असावीत असे सांगते, आणि एकविसावे कलम नोंदणी व मालकी यांची माहिती मागणाऱ्या सदस्य देशाला ती देण्यास बांधील करते. आपल्या ‘व्हीटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकांमागेही हाच विचार आहे. जे यंत्र लोकांच्या डोक्यावरून उडते आणि पडले तर लोकांच्या डोक्यावर पडते, त्याचा जबाबदार माणूस कोण, हे खाली असलेल्यांना शोधता आले पाहिजे. या उघडेपणाचे ऋण पत्रकारितेवरही आहे. दोन दशकांपूर्वी अमेरिकी गुप्तचर संस्थेकडून संशयितांना गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेले जात असल्याचे बिंग फुटले, त्यात विमानतळांच्या कुंपणाबाहेर उभे राहून शेपटीवरचे क्रमांक टिपणाऱ्या हौशी लोकांचा आणि उघड्या नोंदणी-पटाचा मोठा वाटा होता.

आपल्याकडे हा मुद्दा अधिकच टोकदार होतो, कारण आपली बरीचशी खासगी विमाने व्यक्तींच्या नव्हे, कंपन्यांच्या नावावर असतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तो हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून आलेला आहे, कंपनीला तो त्या अर्थाने नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संरक्षण दिले आहे ते हाडामांसाच्या व्यक्तीच्या माहितीला, आणि कायद्याच्या बंधनामुळे जी माहिती सार्वजनिक करावी लागते, तिला त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. ही तरतूद शहाणपणाची आहे. पण याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट पूर्वीपेक्षा रुंद केली, आणि व्यापक लोकहिताच्या कसोटीसाठी अर्जदाराला आता कलम ८(२) च्या आधाराने झगडावे लागते. उद्या कोणी या रुंद वाटेने विमानमालकांची नावेही आत ओढू लागले, तर ते खासगीपणाच्या नावाने मागितले जाईल आणि त्याचा लाभ बेनामी मालकीला होईल.

एक आक्षेप येथे प्रामाणिकपणे मांडायला हवा. प्रवास आणि मालकी वेगळी करता येतात, हे म्हणणे कागदावर ठीक. प्रत्यक्षात मालकी उघडी असली की प्रवास उघडा पडतोच. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील ऑक्सिडेंटल या तेल कंपनीचे जेट ओमाहा शहरात उतरल्याचे माग काढणाऱ्यांच्या लक्षात आले. थोड्याच दिवसांत त्या शहरातील बर्कशायर हॅथवे कंपनीने ऑक्सिडेंटलमध्ये दहा अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. एका व्यवहाराचा वास एका धावपट्टीवरून आला. नाशिकच्या मापाने हेच घडवून पाहा. अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखानदाराचे इलेक्ट्रिक विमान लागोपाठ तीन मंगळवारी धुळ्याला जाऊन तासभर चार्जिंगला थांबले, तर तिथली जमीन विकणाऱ्याने भाव वाढवायला एवढी खबर पुरेशी आहे. आणि व्यवहार सोडा. कोणी उपचारासाठी जात असेल, कोणी कौटुंबिक कलहातून निघून जात असेल. विमान आहे म्हणून माणसाचे हे खासगी कोपरे चव्हाट्यावर यावेत, असे श्रीमंतांविषयी कितीही राग असला तरी म्हणता येत नाही.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तरीही त्यातून नाव झाकण्याचा निष्कर्ष निघत नाही. वर पाहिल्याप्रमाणे इलेक्ट्रिक विमानाच्या बाबतीत नाव झाकून प्रवास झाकलाच जात नाही. नाव जाते आणि माग तसाच राहतो. म्हणजे लोकांनी जबाबदारीचा धागा गमावायचा आणि मालकाला बदल्यात काहीच मिळायचे नाही, असा तो आतबट्ट्याचा सौदा आहे. उलट बंधन घालण्याजोगी जागा आहे ती नोंदी गोळा करून, साठवून, जोडून विकण्याच्या धंद्यात. गच्चीवरच्या मुलाला थांबवता येणार नाही आणि थांबवूही नये. त्याच्या तारेवर पडणाऱ्या लहरी कोणाच्या मालकीच्या नाहीत. पण लहान खासगी विमानांची ठिकाणे जगाला तत्क्षणी दाखवणाऱ्या आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी पैसे घेऊन पुरवणाऱ्या कंपन्यांना निदान एक दिवसाचा विलंब आणि साठवणुकीची ठरावीक मुदत घालून देता येते. अपघात-चौकशी, शोधकार्य आणि न्यायालयाचा आदेश यांना अपवाद असावा, हे उघड आहे.

सरकारपासून लपण्याचा प्रश्न येथे नाहीच, हेही स्पष्ट असावे. भारतात खासगी विमानाच्या उड्डाण-योजनेला हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक लागतो, आणि नाशिकसारख्या ठिकाणी तर त्यावाचून पान हलत नाही. ओझरची तीन हजार मीटरची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची आहे. तिथे मिग बनले, सुखोई बनले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसच्या जुळणीचे औपचारिक उद्घाटनही झाले. नाशिकमधल्याच गांधीनगरला सैन्यदलाच्या वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि देवळालीला तोफखान्याचा सराव. या आकाशात कोण केव्हा उडाला, हे राज्यसंस्थेला पूर्ण माहीत असते. तिला मिळालेल्या या माहितीचे ती पुढे काय करते, याची चिंता मात्र करायला हवी. २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहन आणि चालक नोंदणीची माहिती घाऊक स्वरूपात विकण्याचे धोरण आणले होते आणि व्यापारी संस्थांसाठी वर्षाला तीन कोटी रुपये असा दर ठेवला होता. जून २०२० मध्ये ते मागे घ्यावे लागले. तुमच्या-आमच्या दुचाकींच्या नोंदी ज्या सहजतेने बाजारात मांडल्या गेल्या, तेवढ्याच सहजतेने चार्जरच्या नोंदीही मांडल्या जातील, असे धरून चालणे शहाणपणाचे.

आणि जे खाली आहेत त्यांचे काय? दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातला द्राक्षबागायतदार आता फवारणीसाठी ड्रोन वापरू लागला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी त्या ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक घ्यायला लावला आहे आणि आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे आखून तो कोठे उडवायचा हेही सांगितले आहे. स्वतःच्याच बागेवर दहा फूट उंचीवरून औषध मारणाऱ्याला ओळख सक्तीची, आणि त्याच बागेवरून जाणाऱ्या विमानाच्या मालकाला ती ऐच्छिक, असा न्याय टिकणार नाही. इलेक्ट्रिक विमानाच्या बाबतीत यात भर पडते ती त्याच्या शांततेची. पल्ला लहान असल्याने ते रोज त्याच त्या गावांवरून, बऱ्यापैकी कमी उंचीवरून जाणार, आणि आवाज कमी असल्याने खाली कांद्याच्या चाळीत काम करणाऱ्या बाईला मान वर करण्याची आठवणही होणार नाही. विमानातल्या माणसाच्या खासगीपणाची चर्चा करताना त्या चाळीच्या मागच्या न्हाणीघराला छप्पर नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

पहिली कृती कोठे करता येईल, असे कोणी विचारले तर मी दिल्लीकडे न पाहता ओझरकडे बोट दाखवीन. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने येथील विमानतळावर कामे निघत आहेत, आणि आज ना उद्या विमानांसाठी चार्जर बसवण्याची निविदाही निघेल. त्या निविदेत दोन-चार ओळी घालायला नवा कायदा लागत नाही: बिल विमानाच्या नोंदणी-क्रमांकावर व्हावे, प्रवाशाचा मोबाईल क्रमांक मागू नये, चार्जिंगच्या नोंदी बिल आणि सुरक्षा यांसाठी लागतील तेवढाच काळ ठेवाव्यात, बॅटरीच्या आरोग्याची माहिती मालकाची आणि दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक अभियंत्याची, तिसऱ्या कोणाची नाही. उलट बाजूने, त्या विमानतळावर तळ ठोकून असलेल्या प्रत्येक विमानाचा क्रमांक आणि मालकाचे नाव प्रवेशद्वारावरच्या फळ्यावर मराठीत लावलेले असावे. कंपनीच्या नावावर असेल, तर तिच्या वतीने जबाबदार असलेल्या माणसाचे.

गच्चीवरून उतरताना त्या मुलाने मला विचारले होते, “काका, ओझरला इलेक्ट्रिक विमान आले तर ते माझ्या पडद्यावर दिसेल का?” दिसेल, मी म्हटले, आणि पुढे त्यानेच नकाशावर बोट ठेवत हिशेब सुरू केला: शिर्डीला किती मिनिटे, धुळ्याला किती, आणि वारा समोरून असेल तर मधे कोठे उतरायला लागेल. त्याचे उत्तर दोन मिनिटांत तयार होते. विमान अजून यायचे होते.